अमेरिका सहा तासांवर

मुलाकडे न्यूयॉर्कला पोचलो, बूट काढतोय तोच आत्याचा फोन. आत्या चौऱ्याऐंशीची. सांगलीत झोपाळ्यावर बसून घरातल्या प्रत्येकाच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवते.

"मुंबईहून कधी निघालास?"

"रात्री दीडला."

"आणि उतरलास?"

"सकाळी साडेसातला."

"म्हणजे सहा तास! आणि अमेरिका लांब, अमेरिका लांब म्हणून सगळे डोकं खातात. आमची एसटी मुंबईला याहून जास्त घेते."

एसटीचं तिचं बरोबर होतं. मी तर स्वतंत्र गाडी करून गेलो होतो. सांगली ते मुंबई विमानतळ, साधारण पावणेचारशे किलोमीटर, दहा तास. बोरघाटात तर शेजारच्या गाडीतल्या कुटुंबाशी इतकी ओळख झाली की त्यांनी खिडकीतून दशम्या दिल्या. याच वेगाने गेलो असतो तर न्यूयॉर्कचे साडेबारा हजार किलोमीटर तोडायला 14 दिवस लागले असते. अर्थात दशम्या भरपूर मिळाल्या असत्या.

"अगं आत्या, इथलं घड्याळ साडेनऊ तास मागे आहे. खरे साडेपंधरा तास लागले."

"घड्याळ मागे आहे तर दुरुस्त करून घ्या की!"

त्या साडेपंधरा तासांचं काय सांगू! मधली सीट. डावीकडचे गृहस्थ माझ्या खांद्यावर झोपलेले, उजवीकडच्या बाई दर तासाला उठणाऱ्या. समोरच्या पडद्यावर 'उरलेला वेळ 11 तास 42 मिनिटे'. डोळे मिटले, गाढ झोपलो, स्वप्नबिप्न पडलं, दचकून उठलो. 11 तास 31 मिनिटे. त्यात नकाशावरचं विमान पश्चिमेला जायचं सोडून वर उत्तरेकडे निघालेलं. पायलट चुकला की काय! नातवाच्या पृथ्वीच्या गोलावर नंतर दोरा ताणून पाहिला, तेव्हा पटलं. मुंबई ते न्यूयॉर्क सगळ्यांत आखूड दोरा उत्तरेकडूनच जातो. सपाट नकाशाने उगाच माझं रक्त आटवलं.

महिन्याने परतलो. मुंबईत उतरून गाडीत बसलो आणि दुपारी उशिरा पुन्हा आत्या.

"कधी निघालास?"

"मंगळवारी दुपारी बाराला. बुधवारी दुपारी बाराला मुंबईत."

पलीकडे झोपाळ्याची कुरकुर थांबली. "जाताना सहा, येताना चोवीस?"

"तसं नाही गं. उलट येताना लवकर येतं. वर जोराचा वारा असतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे, तो पाठीवर घेऊन विमान येतं. साडेचौदाच तास लागले."

"वारा पाठीवर आणि वेळ चौपट?" आत्याने क्षणभर विचार केला. "मग येताना घाट लागत असणार."

मी 'हो' म्हटलं. गाडी तेव्हा खंबाटकीच्या चढावर, उसाच्या दोन ट्रकांमागे, पाऊण तास उभी होती.