बिनपगारी ओव्हरटाइम

रात्री पावणेबाराला बायकोने खोलीत डोकावून विचारलं, "अरे, अजून ऑफिसचंच चाललंय?"

मी "हो" म्हणालो. खोटं बोलायला मला आवडत नाही, पण खरं सांगणं जास्त लाजिरवाणं होतं. मी सहाला सातने गुणत होतो. तासाभरापासून.

पोटापाण्यासाठी मी प्रोग्रॅमिंग करतो. दिवसभर कोड लिहायचा, दुसऱ्यांचे बग काढायचे, आपले घालायचे, आणि घरी आल्यावर विरंगुळा म्हणून पुन्हा कोडच लिहायचा. तोही पदरचे पैसे मोजून. हिशेबनीसाने रजा टाकून परक्याच्या वह्या तपासाव्यात आणि वर त्यालाच फी द्यावी, तसला हा प्रकार.

आणि खेळ तरी कोणता? 'ह्यूमन रिसोर्स मशीन', २०१५ चा. यात एक ऑफिस आहे. साहेब आहे. डावीकडच्या पट्ट्यावरून आकडे येतात, ते उचलून, त्यांच्यावर सांगितलेली क्रिया करून उजवीकडच्या पट्ट्यावर ठेवायचे. हे काम करणारा एक बुटका कारकून आहे आणि त्याला ओळीने आज्ञा द्यायच्या: उचल, ठेव, बेरीज कर, वजा कर, शून्य असेल तर अमुक ओळीवर उडी मार. म्हणजे मी ऑफिसातून सुटतो तो थेट ऑफिसातच येऊन पडतो, फक्त इथे माझ्या हाताखाली एक माणूस आहे. बढती म्हणायची तर हीच.

या माणसाला गुणाकार येत नाही. ती आज्ञाच खेळात नाही. मग काय, सहा सात वेळा मिळवायचे. प्रत्येक वेळी सातातून एक कमी करायचा, शून्य झालं की थांबायचं. सोपं आहे, असं मला साडेदहाला वाटलं होतं. पण कारकुनाच्या हातात एका वेळी एकच आकडा मावतो. बेरजेसाठी सहा उचलले की मोजणीचा सात जमिनीवर ठेवायचा, तो उचलायचा तर बेरीज खाली ठेवायची, आणि कुठे काय ठेवलं ते मी विसरायचं. अखेर बेचाळीस आले. मी खुर्चीत बसल्या बसल्या हात वर केले. पुढची जोडी आली: पाच आणि शून्य.

माझा कारकून आधी मिळवायचा आणि मग एक कमी करून 'शून्य झालं का?' हे बघायचा. शून्यातून एक गेला, उणे एक उरला. हे काही शून्य नव्हे, म्हणून पठ्ठ्याने पुन्हा पाच मिळवले. मग उणे दोन. मग उणे तीन. त्याची निष्ठा बघून मला भरून आलं. या खेळात आकडा ९९९ च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून बेरीज हजाराला टेकताच सगळं बंद पडलं. नाहीतर तो आजही मिळवत असता. चूक त्याची नव्हतीच. मी सांगितलं तेच त्याने केलं. या खेळांत तक्रार करायला दुसरं कुणी नसतं, हा त्यांचा सर्वांत मोठा दोष.

२०१५ सालीच आलेला 'टिस-१००' तर याहून निर्दय. त्यात एक जुनाट काल्पनिक संगणक आहे, बारा खोक्यांचा, त्यातली काही बिघडलेली. एका खोक्यात फार तर पंधरा ओळी मावतात. लक्षात ठेवायला दोन जागा: एक हाताशी आणि एक माळ्यावर. माळ्यावरचा आकडा नुसता बघता येत नाही, हातातला वर टाकून तो खाली घ्यावा लागतो. शेजारच्या खोक्याला आकडा द्यायचा तर त्याने तो घेईपर्यंत ताटकळायचं. मी एकदा असा कोड लिहिला की दोन खोकी एकमेकांकडून आकडा यायची वाट बघत बसली. दारात उभे राहून 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तुम्ही' म्हणणारे दोन सज्जन असतात ना, तशी. मीही त्यांच्याबरोबर बराच वेळ बसलो. मला वाटलं, विचार करताहेत.

या खेळाबरोबर एक माहितीपुस्तिका येते आणि ती वाचल्यावाचून पान हलत नाही. ऑफिसात कुणी कागदपत्रं पाठवली तर मी 'बघतो' म्हणून सोडून देतो. ही पुस्तिका मात्र मी छापून घेतली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि उशाशी ठेवली.

मुलीने एकदा सरळच विचारलं, "बाबा, तू हेच ऑफिसात करतोस ना? मग घरी का?"

तिला काय सांगू? ऑफिसात काम झालं की नाही हे कुणालाच नक्की माहीत नसतं. क्लायंट म्हणतो, अगदी असंच हवं होतं, आता फक्त उलटं करा. खेळात प्रश्न दोन ओळींत मांडलेला असतो, तो उद्या बदलत नाही, आणि उत्तर आहे याची हमी असते. सगळ्या चाचण्या पार झाल्या की यंत्र म्हणतं, बरोबर. वीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द माझ्या वाट्याला किती वेळा आला ते बोटांवर मोजता येईल, आणि बोटंही उरतील.

अर्थात ते सुख फार तर तीन सेकंदांचं. मग 'टिस-१००' मध्ये आलेख उघडतो. तुमच्या उत्तराला किती फेऱ्या लागल्या, किती आज्ञा लागल्या आणि बाकीच्या खेळाडूंना किती. बाकीच्यांचा डोंगर डावीकडे, आणि उजवीकडे दूर माळरानावर मी एकटा. खरं तर इथे झोपायला जायला हरकत नसते. उत्तर बरोबर आहे, कुणी काही म्हणत नाही. पण एक ओळ कमी करता येईल असं वाटतं, ती कमी केली की यंत्र बिघडतं, ते दुरुस्त करताना दोन ओळी वाढतात, आणि खिडकीबाहेर पाखरं ओरडायला लागतात.

गुणाकाराची ती शून्याची भानगड मला दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना सुटली. आधी तपासायचं, मग मिळवायचं. बस. तसाच गाणं म्हणत ऑफिसला गेलो, तर तिथे गडबड. कुणीतरी फॉर्ममध्ये नगांच्या रकान्यात शून्य भरलं होतं आणि अख्खं पान गोल गोल फिरत बसलं होतं. कोड कुणाचा, हे शोधायला शेजारच्या सहकाऱ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. "सर," तो अदबीने म्हणाला, "इथे शून्याचं राहिलंय बहुतेक."

मी एक ओळ उचलून वर ठेवली. पान चालू झालं. सगळे आपापल्या जागेवर गेले. मी मात्र थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसून राहिलो. आलेख काही आला नाही.