सुमनताईंचं गाणं उसनं नव्हतं

सुमन कल्याणपूर म्हणजे लताबाईंची हुबेहूब नक्कल, लता-रफींचं भांडण झालं म्हणून त्यांना गाणी मिळाली आणि समेट होताच त्यांचं काम संपलं, असा एक मेसेज व्हॉट्सअॅपवर सारखा फिरतो. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर आला, खाली टाळ्याही पडल्या. मला राहवलं नाही.

आधी भांडण. साठच्या दशकात रॉयल्टीवरून दोघांचं बिनसलं, काही वर्षं ते एकत्र गायले नाहीत आणि रफींसोबतची बरीच द्वंद्वगीतं सुमनताईंकडे आली, हे खरं. ‘ना ना करते प्यार’ (१९६५) त्या काळातलंच. पण हिंदीत त्या १९५४ च्या ‘मंगू’पासून गात होत्या. १९६२ च्या ‘बात एक रात की’मधलं ‘न तुम हमें जानो’ सचिनदेव बर्मन यांनी हेमंतकुमारांबरोबर त्यांच्याही आवाजात ठेवलं. त्यात रफी कुठे आले?

नक्कल हा शब्द तर फार लागतो. कॉलेजात आपण लताबाईंची गाणी गायचो, त्यांचा प्रभाव होता, हे सुमनताईंनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलंय. त्यांचा गळा मुळातच नाजूक, पातळ. तो काय बदलून आणायचा? संगीतकार केशवराव भोळ्यांसारख्यांकडे त्या रीतसर शिकल्या होत्या. आणि १९५९ च्या ‘चाँद’मधलं ‘कभी आज कभी कल’ ऐका. लता आणि सुमन, दोघी एकाच गाण्यात! एक आवाज दुसऱ्याची नक्कलच असता, तर त्याचे संगीतकार हेमंतकुमार यांनी दोघींना शेजारी उभं केलं असतं का? हेडफोन लावून दोन-तीनदा ऐकलं की कोण कुठे गातंय ते कळायला लागतं.

राहिलं काम संपल्याचं. ‘निंबोणीच्या झाडामागे’ १९७७ चं आहे, समेटाला दहाएक वर्षं उलटल्यावरचं. आई माझ्या भाचीला थोपटताना हेच म्हणायची, आणि ‘झोप का गं येत नाही’ला तिचा हात आपोआप हळू व्हायचा. सुमनताईंनी तो ‘गं’ इतका हलका ठेवलाय की तिथे जोरात थोपटताच येत नाही. ‘केतकीच्या बनी तिथे’, ‘शब्द शब्द जपून ठेव’ यांतही रफी नाहीत, भांडण नाही.

त्यांची गाणी अजूनही लताबाईंच्या नावावर चढवलेली सापडतात. तुम्ही पुढे पाठवाल तेव्हा एवढं करा, खाली नाव लिहा: सुमन कल्याणपूर.