एफएम लांब पोहोचत नाही, दोष मॉड्युलेशनचा नाही

‘एफएमचं मॉड्युलेशनच कमजोर, म्हणून ते एएमसारखं लांब जात नाही’ असा मेसेज फिरतोय. निरीक्षण बरोबर, कारण साफ चूक. मॉड्युलेशन म्हणजे आवाज रेडिओ लहरीवर चढवण्याची पद्धत; एएम आणि एफएम या अशाच दोन पद्धती. पल्ला मुख्यतः ठरतो वाहक लहरीच्या, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या त्या लहरीच्या, वारंवारतेवर. एएम केंद्रं बहुतेक मध्यम लहरींवर, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झवर असतात. या लहरी जमिनीला धरून जातात. रात्री तर आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून अंधार पडला की जुन्या रेडिओत परमुलखातली स्टेशनं खरखरत घुसतात. एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर. तिथे लहर जवळपास नजरेच्या रेषेत धावते. डोंगर आडवा आला की आवाज गेलाच! पुरावा हवा? वैमानिक कंट्रोल टॉवरशी बोलतात ते एएमवरच, पण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर. तेही एरवी क्षितिजापलीकडे फारसं जात नाही.