तिकिटांसाठी छापलेले कागद : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सर्फिंगपटांची, म्हणजे फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याच्या खेळावरील चित्रपटांची पोस्टर्स ही तिकिटे खपवण्यासाठी छापलेली होती, सर्फिंगची खरी संस्कृती पाण्यात घडते, आणि या कागदांना तिच्यात स्थान देणे ही माझी अतिशयोक्ती आहे, असे आपण लिहिले आहे. यातले पहिले विधान मला पूर्णपणे मान्य आहे. त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही.

बड ब्राउन यांनी १९५३ साली आपला पहिला सर्फिंगपट दाखवला, तो कॅलिफोर्नियातील सांता मोनिका इथल्या एका शाळेच्या सभागृहात. पुढे कित्येक वर्षे हीच रीत राहिली. चित्रपट बनवणाऱ्यानेच सभागृह भाड्याने घ्यायचे, त्यानेच समोर उभे राहून निवेदन करायचे आणि सर्फबोर्डच्या दुकानांत व रस्त्यावरच्या खांबांवर पोस्टर्सही त्यानेच लावायची. एरवी किनाऱ्यावर विखुरलेले सर्फर अशा संध्याकाळी एका छताखाली येत, आणि त्यांना तिथे बोलावणारा निरोप म्हणजे हा कागद होता.

जॉन सेव्हर्सन स्वतः सर्फर आणि चित्रकार. आपल्या चित्रपटांची पोस्टर्स ते स्वतःच रंगवत. १९६० साली ‘सर्फ फीवर’ या आपल्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी त्यांनी एक पुस्तिका काढली आणि तिचेच पुढे ‘सर्फर’ मासिक झाले. रिक ग्रिफिन यांची व्यंगचित्रे याच मासिकातून घराघरांत पोहोचली. नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉक मैफलींची पोस्टर्स करून ग्रिफिन सेव्हर्सन यांच्याच ‘पॅसिफिक व्हायब्रेशन्स’ (१९७०) या चित्रपटाच्या पोस्टरकडे वळले. जाहिरातीतूनच जर या समाजाचे मासिक आणि चित्रकार उभे राहिले असतील, तर जाहिरात आणि संस्कृती यांच्यात रेघ ओढायची तरी कुठे?

‘द एंडलेस समर’ या सर्फिंगपटाचे जॉन व्हॅन हॅमर्सवेल्ड यांनी केलेले पोस्टर पुन्हा एकदा निवांत पाहावे, अशी माझी विनंती आहे. गुलाबी-नारिंगी झळाळीत मोठा सूर्य, पुढे बोर्ड डोक्यावर धरलेले दिग्दर्शक ब्रूस ब्राउन, मागे चित्रपटातले दोन्ही सर्फर, तिघेही केवळ छायाकृती. आणि लाट कुठेच नाही. निव्वळ गिऱ्हाईक ओढणाऱ्याने सर्वांत उंच लाट छापली असती. इथे रंगवली आहे ती लाटेच्या शोधाची ओढ, आणि ती पाण्यात उतरणाऱ्या माणसालाच अशी रंगवता येते, असे मला मनापासून वाटते.

आज पर्यटनस्थळांच्या दुकानांत याच चित्राच्या प्रती कॉफीच्या मगांवर आणि टी-शर्टवर विकल्या जातात. त्यांच्याविषयी आपला आक्षेप असेल, तर तो मी विनातक्रार स्वीकारतो.