जॉन सेनिकचं नाव छापायला शाई संपते का?

आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या) गीतांची एक कार्यक्रमपत्रिका आज व्हॉट्सॲपवर फिरतेय. ‘लो ही कम्स विथ क्लाउड्स डिसेंडिंग’ (पाहा, तो ढगांसह उतरतोय) या इंग्रजी गीताच्या खाली नाव एकच, चार्ल्स वेस्ली. डोकंच सणकलं.

अहो, मुळातलं गीत जॉन सेनिकचं! मोरावियन (एक प्रोटेस्टंट पंथ) उपदेशक, जन्म १७१८, इंग्लंडातलं रेडिंग. त्याच्या गीताची सुरुवात असंख्य तुताऱ्यांनी होते. ढगांची ओळ चार्ल्स वेस्लीची, १७५८ मधली. दोन वर्षांनी मार्टिन मॅडन या पाद्र्याने दोन्हींची कडवी एकत्र केली. पण साचा सेनिकचाच: ओळीगणिक ८-७-८-७-४-७ अक्षरं. पाचवी ओळ मुद्दाम आखूड, पहिल्या कडव्यात नुसतं ‘हालेलूया’. हेल्म्सली नावाच्या चालीत तीच ओळ तीनदा म्हणतात, म्हणून अख्खी मंडळी तिथे उसळते. साचा ज्याचा, त्याचं नाव नको?

१७४१ मध्ये स्विंडनला हा माणूस हॉवेल हॅरिस या वेल्श उपदेशकाबरोबर उपदेश करत होता. जमावाने बंदुका इतक्या जवळून झाडल्या की दारूने तोंडं काळी झाली. मग आगीचा पंप आणून गटाराचं पाणी अंगावर मारलं. तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा!

बरं, चार्ल्स वेस्लीची शब्दरचना जास्त सफाईदार आहे, मान्य. सेनिकला रक्ताचा आणि रक्तबंबाळ कोकऱ्याचा (म्हणजे ख्रिस्ताचा) सोस जरा जास्तच होता, तेही मान्य. म्हणून नावच खोडायचं?

त्याच १७४१ मध्ये चार्ल्सच्या भावाने, मेथॉडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीने, सेनिकला ब्रिस्टलजवळच्या किंग्सवुडच्या मंडळीतून काढलं. वाद पूर्वनियोजनाचा: तारण कुणाला, हे देवाने आधीच ठरवलंय की नाही. सेनिकने जॉर्ज व्हाइटफील्ड या उपदेशकाला लिहिलेलं खाजगी पत्र वेस्लीने मंडळीसमोर वाचून दाखवलं. बाहेर गटाराचं पाणी, घरात हे. १७४५ मध्ये तो मोरावियनांकडे गेला, पुढच्या वर्षी डब्लिनला, मग अल्स्टरभर, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेत, गावोगाव. तिथल्या बॅलिमेनाजवळचं ग्रेसहिल हे त्याच्याच कामातून उभं राहिलेलं मोरावियन गाव. २०२४ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. वसवायला सुरुवात झाली १७५९ मध्ये; सेनिक त्याच्या चार वर्षं आधीच गेला होता. डब्लिनहून तापाने फणफणत लंडनला पोचला आणि ४ जुलै १७५५ ला संपला. वय छत्तीस.

लिहिता लिहिता राग उतरला खरा, कारण आता ती चहाची किटली आठवली. जेवणाआधी म्हणायची ‘बी प्रेझेंट ॲट अवर टेबल लॉर्ड’ ही प्रार्थना सेनिकचीच, १७४१ ची. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी, म्हणजे ‘लाँग मीटर’; त्या छंदाच्या कुठल्याही चालीवर बसतात. स्विंडनचा चिखल खाल्ला त्याच वर्षी छापलेली. लंडनला जॉन वेस्लीच्या घरात वेजवुड या चिनीमातीच्या कारखान्याची किटली आहे. तिच्यावर रंगवलेली प्रार्थना हीच.

म्हणजे ज्याला हाकललं, त्याच्याच ओळी वाचत म्हातारा जॉन वेस्ली चहा ओतायचा.