बाग जुनी म्हणून घड पाहायचाच नाही?

जळगावच्या आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज पुन्हा फिरला: चाळिशीनंतर आयटीवाला नवं शिकत नाही, महाग पडतो, म्हणून कंपन्या घेत नाहीत, यात भेदभाव कसला? खाली सात अंगठे. देणारे सगळे पंचेचाळिशीचे, हे विशेष.

आधी शिकण्याचं. 2001 साली पुण्याला गेलो तेव्हा व्हिज्युअल बेसिक यायचं. मग जावा, मग अँड्रॉइड, मग क्लाउड. दर चार-पाच वर्षांनी पाटी कोरी करून पुन्हा गिरवायला बसलो. शिकणं थांबलं असतं तर पस्तिशीतच घरी आलो असतो. केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सुरू केलं 1969 मध्ये. 2009 मध्ये गो ही प्रोग्रामिंगची भाषा जाहीर झाली, तेव्हा तिच्या तीन कर्त्यांपैकी एक असलेले थॉम्पसन 66 वर्षांचे होते. म्हणाल, ते थॉम्पसन, आपण कोण? बरोबर. पण सव्विशीतला प्रत्येक जण तरी झुकरबर्ग असतो का?

महाग पडतो, हे अर्धं खरं. आपल्या सेवा कंपन्यांचं गणित पिरॅमिडचं: खाली स्वस्तातले फ्रेशर भरपूर, वर मोजके. त्यात आम्ही बसत नाही, तर तसं सांगा. 'शिकत नाहीत' हा ठपका कशाला? गेल्या वर्षी एका कंपनीला मी कमी पगार चालेल असं आधीच कळवलं होतं. पगारापर्यंत बोलणं गेलंच नाही. एचआरच्या मुलीने विचारलं, "सर, पासआउट इयर?" सांगितलं. "सर, टीम यंग आहे, तुम्ही ओव्हरक्वालिफाइड होताय." ना टेस्ट, ना एक ओळ कोड. आमच्या रावेरकडे केळीचा व्यापारीसुद्धा बागेत येऊन घड पाहतो, मग भाव पाडतो. पाडायचाच असतो त्याला, पण बघून पाडतो.

राहिला भेदभाव. खासगी नोकरीत वयावरून नाकारू नये असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. सरकारी नोकरीत कशाकशावरून भेदभाव नको हे सांगणाऱ्या घटनेच्या कलम 16 च्या यादीतही वय नाही. अमेरिकेत 40 आणि त्यापुढच्यांसाठी तो 1967 पासून आहे, आणि अशाच एका दाव्यात गूगलने 2019 मध्ये, आरोप नाकारत का होईना, 1 कोटी 10 लाख डॉलरची तडजोड केली. इथे कायदा नाही, म्हणून इथे तसं घडतच नाही?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. कोणी काही बोललं नाही. रात्री त्या सातांतल्याच एकाचा फोन आला. "भो, रेझ्युमेतून पासिंगचं वर्ष काढून टाकलं तर चालतं का रे?"