पगाराले तारीख असते, कापसाले नसते

परवा संध्याकाळी फाट्यावरच्या पानठेल्यावर जे बोलणं झालं ते लिहूनच ठेवतो, कारण घरी येऊन जेवलो, झोपलो, तरी डोक्यातून गेलं नाही. आर्वी-पुलगाव रोडवरचा आमचा फाटा, ठेल्यासमोर सिमेंटचा बाक, रोडनं कापसाच्या गाड्या जाऊन रायल्या होत्या आणि मास्तरनं पाकिटातून चार क्रेडिट कार्डं काढून बाकावर मांडली, जसे काही पत्ते वाटून रायला.

मास्तर आमच्याच बॅचचा, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. प्रत्येक कार्डावर त्यानं पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला, दवाखान्यात मलमपट्टीले वापरतात ती, आणि त्यावर बॉलपेननं लिहिलेलं. एकावर "बिल 5, किराणा-ऑनलाइन", दुसऱ्यावर "बिल 18, विमान", तिसऱ्यावर "रेल्वे", चौथ्यावर नुसतं "क्यूआर". गेल्या उन्हाळ्यात त्यानं आईबाबाले नागपूरहून दिल्लीले विमानानं नेलं, तिथून हरिद्वार. त्या दोघांची तिकिटं कार्डावर खर्च केल्यावर भेटणाऱ्या बक्षिसाच्या पॉइंटवर काढली, खिशातून फक्त टॅक्सचे पैसे गेले. दीड वर्ष जमवले होते पॉइंट.

"म्हणजे फुकट?" पोट्ट्यानं विचारलं. पोट्टा म्हणजे आमच्यात सगळ्यात लहान, यंदाच बापाची शेती हातात घेतली, आणि त्याच्या मोबाइलवर तीन कार्डांच्या ऑफर येऊन पडल्या होत्या.

"फुकट नाई बे. जो खर्च तसाही होणारच होता तो कोणत्या कार्डावर टाकायचा एवढंच मी ठरवतो. रेल्वेचं तिकीट रेल्वेच्या कार्डावर, कारण तिथं जास्त पॉइंट भेटतात. पाचले बिल निघते त्या कार्डावर मोठी खरेदी सहा तारखेले करायची, मंग भरायले जवळपास पन्नास दिवस भेटतात. आणि पॉइंट वस्तूंच्या कॅटलॉगमध्ये उडवायचे नाई, तिथं भाव पडते. विमान कंपनीच्या खात्यात टाकले त बऱ्याचदा जास्त निघतात, पण कितीचे किती होतात ते आधी पाहून घ्यायचं."

इथं मी तोंड उघडलं, कारण मले राहवलं नाही. मी मागच्या वर्षी हेच ऐकून दोन कार्डं घेतली होती. वर्षात अमुक खर्च केला की बोनस पॉइंट, असं होतं. तो खर्च पुरा करायच्या नादात जूनमध्ये बी-बियाणं, खत आणि मोटरपंप मिळून 40 हजार एकाच कार्डावर घासले. दुकानदारानं मशीनचे म्हणून 2 टक्के वर लावले, 800 रुपये. बिल आलं जुलैत. जुलैत माझ्याजवळ काय असणार, शेतात डवरणी चालू होती.

मास्तरनं ठेल्यावरच्या पेपरच्या कोऱ्या कडेला हिशेब मांडला, माझ्या पुढ्यातच. 40 हजारावर महिन्याचं साडेतीन टक्के, 1400. त्यावर 18 टक्के जीएसटी, 252. म्हणजे पहिल्याच महिन्यात 1652. आणि पॉइंट? माझ्या कार्डावर शंभराले एक पॉइंट, पॉइंट पंचवीस पैशाचा. 400 पॉइंट, म्हणजे 100 रुपये. पेपरवर 1652 च्या खाली 100 लिहिल्यावर कोणीच काही बोललं नाही.

काका बाजूले बसून सगळं ऐकत होते, त्यायनं एकच विचारलं, "साडेतीन टक्के महिन्याचे? म्हणजे शेकडा साडेतीन?" हो म्हटल्यावर म्हणाले, "अरे, हे त सावकाराचं व्याज झालं." काकांले कार्ड म्हणजे केसीसीच माहीत, किसान क्रेडिट कार्ड, जे 1998 ले आलं. त्यावर वेळेत भरलं त पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेत 3 लाखापर्यंतचं पीक कर्ज बिनव्याजी पडते. नावात कार्ड दोन्हीकडं आहे, पण केसीसी हंगाम पाहून बनवलं आणि हे दुसरं महिना पाहून. मले वाटते आमच्याकडं अर्धी गडबड या एका नावानंच होते.

मी चार महिने मिनिमम, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम, भरत राहिलो. बँकेच्या माणसानं फोनवर सांगितलं होतं, मिनिमम भरा, टेन्शन नाई. टेन्शन लेट फीचं नव्हतं, व्याजाचं होतं, आणि ते त्यानं सांगितलं नाही. बाकी राहिली की नवीन खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही जातात, हे मले तिसऱ्या बिलात कळलं, जेव्हा मायच्या औषधाच्या 900 रुपयांवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागलेलं दिसलं. या गोष्टीचा मले अजूनही राग येते.

"तू चुकीच्या कार्डानं, चुकीच्या जागी, चुकीच्या महिन्यात घेतलं," मास्तर म्हणाला. खरं आहे. पण माझं म्हणणं दुसरं होतं आणि ते मी जोरात म्हटलं. तुह्या पगाराले तारीख आहे. माह्या कापसाले कोणती तारीख आहे? 2025-26 च्या हंगामात सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस खरेदीचा, लांब धाग्याचा भाव क्विंटलले 8110 होता, पण ओलावा 12 टक्क्यांवर गेला की माल परत. अवकाळी आला, कापूस ओला झाला, वाळवण्यात दिवस गेले, बिलाची तारीख काही थांबत नाही. व्यापारी उभाच असते कमी भावात घ्यायले. म्हणजे कार्डाचं बिल भरायचं म्हणून कापूस पाडून विकायचा, आणि त्यातून विमानाचे पॉइंट कमवायचे?

मास्तर म्हणे, "पगार तरी कुठं एक तारखेले होते आमचा. म्हणून त मी बिल पाचचं ठेवलं, भरायची तारीख पंचवीसच्या आसपास येते, तेवढ्यात उशिराचा पगारही पडते. आणि ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप बिल कटणं, पुऱ्या रकमेवर लावला, मिनिममवर नाई. बिलाची तारीख आपल्याले बदलून मागता येते, आरबीआयचा तसा नियम आहे."

दूधवाला तोवर गप होता. तो म्हणाला, "मंग मी? माही पण शेतीच आहे. पण डेअरीचे पैसे दर दहा दिवसानं खात्यात पडतात." आणि इथं चर्चा फिरली. मी शेतकरी विरुद्ध नोकरीवाला असं धरून भांडत होतो, पण तसं नव्हतंच. दूधवाल्याची ढेप, डिझेल, पोरांची फी, सगळं ठरलेलं आणि पैसा येण्याचा दिवसही ठरलेला. त्याले एक कार्ड चालते, दोनही चालतील. मास्तरनं त्याले लगेच सांगितलं की डिझेलवर पॉइंट बहुतेक कार्डं देतच नाईत, फक्त पंपावर वर लागणारा सरचार्ज माफ करतात, तेव्हा त्या भरवशावर हिशेब मांडू नको.

मग मास्तरनं त्याचं चौथं कार्ड, रुपेचं, यूपीआयले जोडून ठेल्यावर चहाचे 60 रुपये द्यायले काढलं. गेले नाही. ठेलेवाल्याचा क्यूआर त्याच्या स्वतःच्या खात्याचा, दुकानाचा नाही, आणि क्रेडिट कार्डाचे पैसे माणसाच्या खात्यात जात नाईत. कृषी केंद्रात मात्र जातात, तिथं व्यापारी क्यूआर आहे. गावात चार कार्डं घेऊन फिरलं तरी चालायच्या जागा किती, हे त्या चहानं सांगितलं. विमानतळावरच्या लाउंजचं, म्हणजे कार्ड दाखवून आरामात बसायच्या जागेचंही तसंच. आता बऱ्याच कार्डांवर मागच्या तीन महिन्यात ठरावीक खर्च केला असंन तरच आत जाता येते. वर्षात एकदा नागपूरले विमान पकडणाऱ्यानं त्यासाठी फी भरून कार्ड घेऊ नये, असं माझं मत आहे.

पोट्ट्याले मास्तरनं पेपरचा तोच तुकडा दिला. म्हणे, मागच्या वर्षी तुह्या घरी पैसे कोणत्या कोणत्या तारखेले आले ते लिही. पोट्ट्यानं खूप वेळ आठवून तीन ओळी लिहिल्या. सोयाबीन ऑक्टोबर, कापूस डिसेंबर, कापूस फेब्रुवारी. खाली बारा बिलं लिहायले जागाही नव्हती. तीन ऑफरमधल्या दोन त्यानं तिथंच डिलीट केल्या. तिसरी, बिनफीवाली, ठेवली. म्हणे दहा हजाराच्या लिमिटवर फक्त मोबाइल रिचार्ज आणि लाइटबिल टाकीन, सिबिल, म्हणजे कर्ज वेळेत फेडायचा स्कोअर, त बनंन. काकांनी त्यालेही मान हलवली नाही.

माझे अजून 14 हजार बाकी आहेत. शेवटची वेचणी घरात आहे, वाळली की नेतो. ते पैसे आले की पहिले हे भरतो आणि एक कार्ड बंद करायले अर्ज टाकतो. बाकी काही राहिली नसंन त अर्जानंतर सात कामाच्या दिवसात बंद करावं लागते त्यायले, नाही त रोजचे 500 रुपये दंड. दुसरं ठेवायचं की नाही, ते मायले तिरुपतीले न्यायचं ठरंन तेव्हा पाहू. तिले तसंही रेल्वेनंच जायचं आहे.